घोड्याचं घर

माझ्या घड्याळात चार मिनिटं उरली होती आणि समोर कुमुद देवतळे शेंगदाणे खात होती.

एकेक दाणा, डाव्या हातानं, सावकाश. कागदाचा पुडा टेबलाच्या कडेला उघडून ठेवलेला. माझ्या कपाळावरून घाम नाकापर्यंत आला होता आणि ही बाई दुपारी ओसरीवर बसल्यासारखी चघळत होती. मला इतका राग आला की त्या रागात माझे वीस सेकंद गेले.

जागा होती कराडमधलं एक मंगल कार्यालय. त्या आठवड्यात लग्नाच्या तिथी नव्हत्या, म्हणून राष्ट्रीय महिला स्पर्धा तिथं भरली होती. पाट्या कुणी काढल्या नव्हत्या. खेळाडूंच्या खोलीवर 'वधूपक्ष' आणि पंचांच्या खोलीवर 'वरपक्ष'. त्यामुळे पंच आठवडाभर उगाचच तोऱ्यात फिरत होते आणि आम्ही बायका चहाला साखर कमी पडली तरी ऐकून घेत होतो.

ही शेवटची फेरी. मी कुमुदपेक्षा अर्ध्या गुणानं पुढे होते. डाव बरोबरीत सुटला तरी विजेतेपद माझं, हरले तर तिचं. मला हवा होता तो फक्त अर्धा गुण. ऐकायला किती थोडा वाटतो! पण त्याआधी तीन वेळा मी दुसरी आले होते आणि तिन्ही वेळा पहिली कुमुद होती. मिरजेच्या आमच्या रेल्वे कचेरीत मला तोंडावर 'मगदूमबाई' आणि पाठीमागे 'उपविजेत्या बाई' म्हणायचे. निघताना मी आईला म्हणून बसले होते की यंदा नाही जमलं तर पट माळ्यावर टाकीन. आणि आई अशी, की बोललेलं विसरत नसे. माळ्यावर तिनं जागासुद्धा केली असेल.

पटावर आता मोजून चार मोहरे उरले होते. माझा राजा आणि एक प्यादं, तिचा राजा आणि एक हत्ती. माझं प्यादं शेवटच्या घराच्या एकच पाऊल अलीकडे होतं. पलीकडे पोचलं की त्याची बढती होणार. तिनं डावीकडून हत्तीचा शह दिला. माझ्या राजाला जायला दोन बऱ्या जागा होत्या. मी घाईत त्याला पुढे, अगदी शेवटच्या पट्टीत नेला. कुमुदनं हत्ती देऊन माझं प्यादं खाल्लं असतं तर बरोबरी तिथंच होती. पण बरोबरी घेऊन ती काय लोणचं घालणार होती? तिनं डाव्या हातानं आपला राजा उचलला, माझ्या राजाच्या समोर, मधे एक घर सोडून ठेवला, डाव्याच हातानं घड्याळ दाबलं आणि पुन्हा पुड्याकडे वळली.

मी पटाकडे पाहिलं. तिच्या राजानं माझ्या प्याद्याला अडवलं नव्हतं. हत्तीही दूर होता. म्हणजे माझं प्यादं आता पोचणार, त्याचा वजीर होणार! बरोबरी कसली, मी जिंकतच होते. माझा मेलेला वजीर कुमुदनं मघाशीच आपण होऊन टेबलावरून माझ्या हाताशी सरकवून ठेवला होता. मला बरंसुद्धा वाटलं. हरणाऱ्यानं इतकं सौजन्य दाखवावं, ते नागपूरकरांनीच.

फक्त एक गोष्ट मला खुपत होती. प्यादं घोड्याच्या पट्टीत होतं. डावाच्या सुरुवातीला ज्या घरात घोडा उभा असतो, नेमकं त्या घरात ते पोचणार होतं. आणि ते घर मला सतरा वर्षं आवडत नव्हतं.

त्याचं असं आहे. मला बुद्धिबळ शिकवलं आमच्या गल्लीतल्या बाबूचाचांनी. ते मिरजेला तंबोरे करायचे. दुकानात आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली भुसा, आणि भुशात बसून आम्ही दोघं खेळायचो. चाचा देशी पद्धतीनं खेळत. त्या पद्धतीत प्यादं पोचलं की त्याचा हवा तो मोहरा होत नाही. ज्या घरात पोचेल त्या घरचा होतो. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. मी एकदा हट्ट केला होता की मला वजीरच पाहिजे.

"वजीर सगळ्यास्नीच व्हायचं असतंय पोरी," चाचा रंध्यानं भोपळ्याची कड घासत म्हणाले होते. "प्यादं ज्या घरी पोचलं, त्या घरचं हुतंय. त्यात लाज कसली?"

मी बारा वर्षांची असताना वडिलांनी मला सोलापूरला, मुलींच्या राज्य स्पर्धेला नेलं. तिथं कुणी देशी खेळत नव्हतं, हे वडिलांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. तिसऱ्या डावात माझी बाजू इतकी चांगली होती की बघायला गर्दी जमली. माझं प्यादं घोड्याच्या घरात पोचलं. माझा मेलेला घोडा समोरच्या मुलीकडे होता. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "माझा घोडा दे."

तिनं विचारलं, "वजीर नाई घेत का?"

"हे घोड्याचं घर आहे ना," मी म्हणाले, "मग वजीर कसा होईल?"

आधी एकजण हसला, मग सगळी खोली हसली. पंचांनी तोंडावर रुमाल धरला. माझे वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, ते मला अजून दिसतात. जिंकलेला डाव मी पुढं हरले आणि वर्षानुवर्षं मुली मला 'घोडेवाली' म्हणत राहिल्या. समोरची ती मुलगी म्हणजे तेरा वर्षांची कुमुद देवतळे.

मिरजेला परत आल्यावर मी चाचांच्या दुकानाची पायरी चढले नाही. पुस्तकं आणून सगळे नियम शिकले, स्पर्धा जिंकल्या, रेल्वेत नोकरी लागली. दुकानावरून जाताना मात्र चपलेकडे बघत जायची. चाचांनी कधी हाक मारली नाही.

तर, कराड. घड्याळात आता अडीच मिनिटं होती. मी वजीर उचलला.

वजीर हातात आला आणि मी कुमुदकडे पाहिलं. कशासाठी पाहिलं म्हणाल, तर खरं सांगते, तिचं तोंड पडलेलं बघायला. एवढा हक्क सतरा वर्षांनी माणसाला असतो.

तिचं तोंड पडलेलं नव्हतं. ती शेंगदाणा खात होती. सालीसकट.

आता हे तुम्हाला काहीच वाटणार नाही. पण मी या बाईसमोर आयुष्याचे पंधरावीस डाव बसले होते. कुमुद दाणा कधीही सालीसकट खात नसे. दोन्ही तळव्यांत चोळायची, फुंकर मारायची, मग तोंडात टाकायची. एकदा तिच्या फुंकरीनं सालपटं पटावर उडाली होती आणि पंचांनी तिला लेखी समज दिली होती. ती समज तिनं घरी चौकटीत लावली आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. शिवाय ती उजव्या हाताची. मग आज डाव्या हातानं का? मघाशी राजा डाव्या हातानं, घड्याळ डाव्या हातानं. उजवा हात गेला कुठं?

उजवा हात टेबलाखाली होता. मांडीवर, शालीत.

मी तिच्या बाजूला मांडलेल्या माझ्या मेलेल्या मोहऱ्यांकडे पाहिलं. प्यादी, दोन हत्ती, दोन उंट. वजीर माझ्या हातात. घोडे नव्हते.

दोन्ही घोडे नव्हते.

घोडे लपवायचं कारण काय? घोडा दिसला तर काय होणार होतं? मी वजीर हातात तसाच धरून पुन्हा पटाकडे पाहिलं, आणि या वेळी स्वतःच्या डोळ्यांनी नाही, कुमुदच्या डोळ्यांनी पाहिलं. मी वजीर ठेवला, की तिचा हत्ती एक घर पुढे सरकून शेवटच्या पट्टीत येणार. शह. माझ्या राजाला मागे फिरायला तिचा राजा जागा देत नाही. माझा नवाकोरा वजीर राजाच्या पलीकडच्या अंगाला, मधे पडायला त्याला वाट नाही. शह आणि मात. मी जिंकत नव्हते. मी एका चालीत मरत होते, आणि माझं सरण रचायला तिनं लाकूडही माझ्या हातात दिलं होतं.

आणि घोडा? घोडा त्या घरात उभा राहिला, की त्याचा शह थेट तिच्या राजाला! तिला राजा हलवावाच लागणार, मातेची चाल खेळायला सवडच नाही. पुढं राजा आणि घोडा एकमेकांना धरून राहिले तर एकटा हत्ती काही करू शकत नाही. बरोबरी. अर्धा गुण. हवं होतं तेवढंच.

एकच अडचण होती. घोडा मागावा लागणार होता.

हसू नका. घड्याळात दीड मिनिट उरलेलं, समोर जीव वाचवणारी एकुलती एक चाल, आणि मी गप्प. भोवती पंचवीसतीस माणसं दोरीपलीकडे उभी होती आणि त्यांतल्या निम्म्यांना तरी सोलापूरची गोष्ट पाठ होती. माझ्यातल्या बाईमाणसाला नव्हे, त्या बारा वर्षांच्या पोरीला बोलायचं होतं आणि ती बोलायला तयार नव्हती. शेवटी मी वजीर टेबलावर आडवा ठेवला, प्यादं पुढच्या घरात सरकवलं आणि म्हणाले,

"कुमुद, माझा घोडा दे."

आवाज चिरकला. पण सगळ्यांना ऐकू गेला.

कुमुदचं चघळणं थांबलं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आडव्या वजिराकडे. पंच बापटसर पुढे आले. "देवतळेबाई, त्यांचा मोहरा द्या. घड्याळ चाललंय."

उजवा हात टेबलाखालून वर आला. मूठ उघडली. घोडा घामानं ओला झाला होता. मी तो तिच्या तळव्यावरून उचलला, प्याद्याच्या जागी ठेवला आणि घड्याळ दाबलं.

"शह," मी म्हणाले. खरं तर मोठ्या स्पर्धेत असं कुणी तोंडानं म्हणत नाही. बापटसरांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

कुणी हसलं नाही. मी हसण्याची वाट पाहत होते. दोरीपलीकडे कुणाचा तरी श्वास सुटल्याचं तेवढं ऐकू आलं आणि मग मागे एक म्हातारा दुसऱ्याला कुजबुजत म्हणाला, "वाचली की रं!"

ती आमची छप्पन्नावी चाल होती. ठरलेल्या चाली पुऱ्या झाल्या, दोघींना घड्याळात नवा तास मिळाला आणि मी त्या दिवसात पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. काय सांगू किती हलकं वाटलं! पायांतली चप्पल केव्हाची निघून टेबलाखाली गेली होती, ती शोधून घातली. पाणी प्याले. कुमुदनं आणखी बावीस चाली सगळं करून पाहिलं. माझा घोडा राजाला सोडून कुठं जातो का, हे ती हत्तीनं हुसकून हुसकून बघत होती. पण मी त्याला अंगणाबाहेर सोडला नाही. शेवटी तिनं डाव्या हातानं पुडा चुरगळला आणि उजवा हात पुढे केला.

"बरोबरी?"

"बरोबरी," मी म्हणाले, आणि मला एकदम रडू यायला लागलं म्हणून मी वाकून पुन्हा चपला बघितल्या.

'वधूपक्ष'मध्ये आम्ही दोघीच होतो. ती आरशासमोरच्या बाकावर बसली, मी दाराशी.

"घोडे का लपवलेस?" मी विचारलं.

"लपवले काहून म्हणतेस वो? मांडीवर ठेवले. मेलेले घोडे कुठी ठेवायचे, हे नियमात लिहून आहे का?"

"आणि वजीर माझ्या हाताशी?"

"तो माणुसकी म्हणून." ती हसली नाही. म्हणाली, "मले दुसरं काही उरलंच नव्हतं, शैला. हत्ती देऊन बरोबरी घेतली असती तर तू जिंकतच होतीस. मग म्हटलं, एक डाव तुझ्यावर खेळून पाहू. पटावर नाई, तुझ्यावर. सोलापूरपासून तू घोड्याले भिऊन राहिली, मले का माहीत नाई? मले वाटलं, तू मरशील पण घोडा नाई मागशील. फक्त दिसायला नको म्हटलं. दिसला तर आठवंल."

मला राग यायला हवा होता. पण मला वाटलं, इतकी वर्षं मला इतकं नीट कुणी वाचलं नव्हतं, माझ्या आईनंसुद्धा.

"मग कसं काय सुचलं तुले?" तिनं विचारलं.

"तू दाणे सालीसकट खात होतीस."

तिनं रिकाम्या हातांनी तळवे चोळून पाहिले, जणू अजून खात्री करायची होती. "अरे बाप्पा! एका हातानं साल निघत नाई ना वो!" म्हणाली आणि कपाळाला हात लावून हसायला लागली. मीही हसले. दोघी इतक्या हसलो की बापटसर 'वरपक्षा'तून डोकावून गेले.

निघताना बॅगेची चेन ओढत ती म्हणाली, "सोलापूरले मी हसली नव्हती बरं का. मी फक्त विचारलं होतं. हसले ते बाकीचे."

मी आठवून पाहिलं. खरं होतं. सतरा वर्षं मी तिला हसणाऱ्यांच्या पुढच्या रांगेत उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिरजेला उतरले. विजेतेपदाची ढाल रिक्षात मावेना, ती मांडीवर घेऊन बसले. घराच्या आधी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवली आणि दुकानाची पायरी चढले. तेच भोपळे, तोच भुसा. चाचा पार वाळले होते. डोळे पुढ्यातल्या तंबोऱ्याच्या अगदी जवळ नेऊन खुंटी बसवत होते.

"कोण?"

"मी, चाचा. शैला. मगदुमांची."

हात थांबले नाहीत. "सतरा वरसं लागली व्हय पायरी चढाया?"

"लागली."

"बस. भुसा लागंल पातळाला."

मी बसले. भुसा लागला. चाचांनी विचारलं, "पेपरात नाव आलंय म्हनं तुजं. जिंकलीस?"

"शेवटचा डाव बरोबरीत सुटला. तेवढं पुरलं."

"कसा सुटला?"

मी रात्री अंथरुणावर हे वाक्य बरंच जुळवून ठेवलं होतं. पेपरवाल्यांनी त्या चालीला 'अद्भुत' म्हटलं होतं, बापटसरांनी हार घालताना 'अलौकिक' म्हटलं होतं. पंचवीसतीस माणसं टाळ्या वाजवत होती. आता चाचा काय म्हणतील, तेवढंच ऐकायचं राहिलं होतं.

"माझं प्यादं पोचलं, चाचा," मी म्हणाले, "आणि मी त्याचा घोडा केला."

खुंटी पिळणारा हात थांबला. चाचांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"कुठल्या घरात पोचलं?"

"घोड्याच्या."

"मग?" चाचा म्हणाले आणि पुन्हा खुंटीवर वाकले. "दुसरं काय हुणार हुतं त्याचं?"